८० वर्षं आणि एक दिवस

आज पिक्चर नाही, प्रवास नाही. आज लीज. कंटाळवाणा शब्द आहे, माहितीये. पण या एका शब्दापायी माझे साडेपाच हजार पौंड जाता जाता राहिलेत, त्यामुळे जरा ऐकाच. इंग्लंडमध्ये असाल किंवा यायच्या बेतात असाल, तर कामाला येईल.

२०२१ मध्ये आम्ही दोघांनी लंडनच्या पश्चिमेला, स्लाऊमध्ये फ्लॅट घेतला. डोंबिवलीला बाबांना फोन केला, "बाबा, घर झालं." त्यांचा पहिला प्रश्न, "ओनरशिप ना?" मी म्हटलं, "लीजहोल्ड आहे. ८४ वर्षं उरलीत." दोन सेकंद शांतता. मग, "म्हणजे भाड्याचंच की रे!"

तेव्हा हसलो. पण बाबा फारसे चुकले नव्हते. इंग्लंड आणि वेल्समध्ये बहुतेक फ्लॅट असेच विकले जातात. जमीन आणि बिल्डिंग फ्रीहोल्डरची, आपण विकत घेतो ती ठरावीक वर्षं. वर त्याला दरवर्षी ग्राउंड रेंट, आमचं २५० पौंड. मुदत संपली की फ्लॅट परत त्याच्याकडे.

आता तुम्ही म्हणाल, ८४ वर्षं कोण बघायला बसलंय? बरोबर. पण वर्षं कमी होतात तशी किंमत उतरते, पुढेपुढे बँका लोन द्यायला कुरकुरतात, आणि विकायला काढलात की समोरचा आधी तेच विचारतो. शिवाय मध्ये एक कडा आहे. ८० वर्षांची.

ती अशी. लीज वाढवली की फ्लॅटची किंमत वाढते. या वाढीतून फ्रीहोल्डरचं थेट नुकसान वजा केलं की उरतो तो फायदा. त्याला इथे मॅरेज व्हॅल्यू म्हणतात. लग्नाशी काही संबंध नाही, पण हुंडा द्यावा लागतो एवढं खरं! लीज ८० वर्षांपेक्षा जास्त असेल तर कायदा हा फायदा शून्य धरतो. ८० किंवा त्याच्या खाली आलात, की त्यातला अर्धा फ्रीहोल्डरचा. आमच्या सर्व्हेअरचा अंदाज होता, कड्याच्या अलीकडे सुमारे १० हजार पौंड, पलीकडे साडेपंधरा. एका दिवसाचा फरक.

आणि इथेच मी माती खाल्ली. आमच्या लीजच्या कागदावर तारीख होती मार्च २००७, मुदत ९९ वर्षं. मी मोबाईलवर हिशोब केला, मार्च २०२६ पर्यंत निवांत. जानेवारी २०२५ पासून फ्रीहोल्डरच्या एजंटशी ईमेलवर गोडीगुलाबीत बोलणं चाललं होतं. त्यांची ऑफर होती ९ हजार पौंड. स्वस्तच वाटली. नीट वाचल्यावर कळलं, की लीज फक्त १२५ वर्षांची होणार आणि जुनी मुदत संपेपर्यंत ग्राउंड रेंट तसंच चालू राहणार. मी प्रश्न विचारायचो, तीन आठवड्यांनी उत्तर यायचं. मलाही घाई नव्हती.

एप्रिलमध्ये सर्व्हेअरनं लीज उघडली आणि विचारलं, "ही ओळ वाचलीत का?" सही मार्च २००७ ची होती, पण मुदत मोजायची होती २४ जून २००६ पासून. म्हणजे माझ्याकडे जवळपास वर्ष नव्हतं, जेमतेम दोन महिने होते. त्या रात्री बायकोनं एकच वाक्य ऐकवलं, "बँकेत कामाला आहेस ना तू?"

त्यात एका मित्राचा सल्ला, "थांब रे, नवा कायदा येतोय." खोटं नव्हतं. मे २०२४ मध्ये पार्लमेंटनं कायदा मंजूर केलाय, त्यात लीज ९९० वर्षांची करता येईल आणि मॅरेज व्हॅल्यू जाईल. घर घेतल्यावर दोन वर्षं थांबायची अट तर जानेवारी २०२५ मध्ये गेलीसुद्धा. पण ही दोन मोठी कलमं तेव्हा लागू झालेली नव्हती, आणि कधी होतील ते कुणी सांगत नव्हतं. थांबणं म्हणजे सट्टा. ज्याच्याकडे ९५ वर्षं उरलीत त्यानं खुशाल थांबावं. आमच्याकडे आठ आठवडे होते.

सुटका होती १९९३ च्या कायद्यातल्या कलम ४२ मध्ये. या कलमाखाली नोटीस बजावली की ९० वर्षं जास्तीची मिळतात आणि ग्राउंड रेंट शून्य होतं. कागदोपत्री त्याला म्हणतात एक मिरीचा दाणा, खरंच! आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे किंमत ठरते ती नोटीस दिल्याच्या तारखेवर. पुढे घासाघीस वर्षभर चालली तरी तारीख गोठलेली. मला वाटत होतं ८० च्या आत सगळं पूर्ण व्हायला हवं. तसं नाही, नोटीस पोचली की झालं. मात्र ती बिनचूक हवी, म्हणून या कामाचा अनुभव असलेला सॉलिसिटर घ्या. तिथे पैसे वाचवू नका.

२० मे ला नोटीस गेली. त्यांनी अनामत मागितली, किमतीच्या १० टक्के, तो त्यांचा हक्क. जुलैत उत्तर आलं, १४ हजार द्या. पटलं नाही तर ट्रिब्युनल असतं, पण ती वेळ आली नाही. दोन्ही सर्व्हेअर भांडले, सप्टेंबरमध्ये ११,२०० वर मिटलं. वर त्यांच्या वकिलाचा आणि सर्व्हेअरचा वाजवी खर्चही आपणच द्यायचा. हा मला अजूनही अन्याय वाटतो. आमचा वकील धरून सगळं १५ हजारांच्या आसपास गेलं. सुट्टीत घरी यायचं रद्द झालं, आई दोन दिवस नीट बोलली नाही.

आता लीज २१९५ पर्यंत आहे. बाबांना फोन केला तर म्हणाले, "बरं झालं. पण ओनरशिप नाहीच ना?"

नाहीच.

मी वकील नाही, मंडळी, आणि कायदा बदलत राहणार, तेव्हा आजची स्थिती तपासून घ्या. पण आज रात्री तुमची लीज उघडा आणि मुदत कुठल्या तारखेपासून सुरू होते ती ओळ शोधा. आमच्या लीजमध्ये ती तिसऱ्या पानावर होती, अगदी बारीक अक्षरात.