पानामागचा लाल कोळी

मार्च उजाडला की गच्चीतल्या वांग्याची, भेंडीची, गुलाबाची पानं बारीक पिवळट ठिपक्यांनी निस्तेज दिसू लागतात. पाणी कमी पडलं असं समजून माणूस कुंडीत आणखी तांब्याभर ओततो. चोर मात्र पानामागे बसलेला असतो: लाल कोळी.

नावाला लाल; पुष्कळदा तो पिवळसर हिरवाच असतो. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारावी. ठिपके चालू लागले, की निदान पक्कं.

तो कीटक नव्हे. आठ पायांचा, कोळ्यांच्या गोतातला. साधी कीटकनाशकं त्याच्यावर फारशी चालत नाहीत. उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि त्याचं आयतंच फावतं. कडक उन्हाळ्यात अंड्यापासून प्रौढ व्हायला त्याला आठवडाभर पुरतो, म्हणून एका फवारणीत भागत नाही.

सगळ्यांत स्वस्त औषध म्हणजे पाणी. सकाळी पानांच्या खालून जोरदार फवारा मारावा. जाळी धरलेली पानं तोडून पिशवीत बंद करावीत. मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा सौम्य द्रवसाबण घालून, आधी एका पानावर करून पाहून, ऊन उतरल्यावर फवारावं. दर ५ ते ७ दिवसांनी, तीनदा.

आणि रोपवाटिकेतून नवं रोप आणलंत, तर आठवडाभर ते बाकीच्या कुंड्यांपासून लांब ठेवा.