बेथ अल्फाच्या फरशीवरचे राशिचक्र

श्रोतेहो, कोकणातल्या आपल्या मंडळींना बेने इस्राएल लोक नवे नाहीत. शनिवारी ते तेलाचा घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्या प्रार्थनामंदिरात मूर्ती नसते. देवाची प्रतिमा करून ती पूजणे यहुदी धर्मात वर्ज्यच आहे. असे असून एका जुन्या यहुदी प्रार्थनामंदिराच्या जमिनीवर चक्क सूर्य रथात बसलेला आहे. हे कसे झाले?

हे मंदिर आजच्या इस्राएल देशात, गिल्बोआ डोंगराच्या पायथ्याशी बेथ अल्फा येथे आहे. १९२८ साली तिथले शेतकरी पाटासाठी चर खणत होते, तो मातीखालून रंगीत दगडी तुकड्यांची नक्षी निघाली. पुढच्या वर्षी एलिएझर सुकेनिक या पुराणवस्तुसंशोधकांनी ती जागा उकरली. सहाव्या शतकातली अवघी फरशी हाती लागली!

दारातून आत आले की पहिले चित्र अब्राहामाचे. मुलाला, इसहाकाला, बळी द्यायला तो सुरी घेऊन उभा आहे. वरून एक हात आला आहे आणि त्याला थांबवणारे शब्द शेजारी लिहिले आहेत. ईश्वराचे म्हणून दाखवले आहे ते एवढेच. चेहरा नाही, देह नाही.

मधल्या भागात राशिचक्र आहे. मेंढा, बैल, जुळे, खेकडा, सिंह... गुरुजी, आपल्या पंचांगातल्याच या बारा राशी, नावे तेवढी हिब्रू. आपल्या सूर्यनारायणाला सात घोडे, इथे चार. कोपऱ्यांत चार ऋतू आहेत, पण कारागिरांची जरा गफलत झालेली दिसते. ऋतू आपापल्या राशींशेजारी पडलेले नाहीत.

सूर्य इथे का, यावर पंडितांचे एकमत नाही. मला वाटते, ही पूजेची प्रतिमा नव्हेच. आपल्याकडे पुस्तकाला पाय लागला तरी आपण नमस्कार करतो. इथे तर लोक सूर्यावरून चालत जात. ज्यावर पाय द्यायचा, त्याला देव कोण मानील? यहुद्यांचे सण महिन्यांवर आणि पिकांवर बांधलेले, तेव्हा शेतकरी गावाला वर्षाचे चक्र डोळ्यांपुढे हवे असणार.

शेवटचे चित्र धर्मग्रंथाच्या पेटीचे. दोन्ही बाजूंना सात फाट्यांच्या समया, सिंह, आणि एडक्याच्या शिंगाचे शोफार नावाचे वाद्य. प्रार्थनेची खरी दिशा ती.

आणि दाराशी, एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला बैल, अशा दोघांच्या मध्ये ग्रीक अक्षरांत दोन नावे आहेत: मारियानोस आणि त्याचा मुलगा हनीना. हे काम करणाऱ्या या दोघा कारागिरांची आठवण राहो, असे तिथे लिहिले आहे.