आभासी उड्डाण आणि संगणकाचा वेग

१९४४ साली अमेरिकी नौदलाने वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी उड्डाणाचा आभास निर्माण करणारे यंत्र एमआयटी या संस्थेकडे मागितले. वैमानिकाने दांडा हलवताच यंत्राने प्रतिसाद द्यावयाचा; उशिरा आलेले अचूक उत्तरही तेथे निरुपयोगी. म्हणून जे फॉरेस्टर यांच्या ‘व्हर्लविंड’ संगणकात १६ द्विमान अंक एकाच वेळी हाताळण्याची योजना झाली. गणन वेगवान झाले, पण स्मृतिनलिका दगा देत. १९५३ साली चुंबकीय कड्यांची स्मृती बसविल्यावर ती अडचण दूर झाली. तोवर मूळ हेतू मागे पडला होता. धडा मात्र उरला. सर्वांत दुबळा घटकच साऱ्या यंत्राची गती ठरवतो. आज घरच्या संगणकावरही चित्राची सूक्ष्मता कमी करून धक्के कायम राहिले, तर महागडे ग्राफिक्स कार्ड घेण्यापूर्वी प्रोसेसर तपासावा.