चिलखत: टणक आणि चिवट

कपबशीच्या कुळातल्या ठिसूळ पदार्थाने, म्हणजे सिरॅमिकने, रायफलीची गोळी अडवायची, हे ऐकायलाच विपरीत वाटतं. आपला भरवसा पोलादावर. पण एक घन सेंटिमीटर पोलाद ७.८ ग्रॅम भरतं; सिरॅमिकांपैकी ॲल्युमिना ३.९, सिलिकॉन कार्बाइड ३.२, बोरॉन कार्बाइड अवघं २.५. चिलखत अंगावर वागवायचं असेल तर हा हिशेब टाळता येत नाही. म्हणूनच व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने हेलिकॉप्टरमधल्या सैनिकांच्या छातीवर सिरॅमिकच्या प्लेटा चढवल्या. त्याच सुमारास लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ मार्क विल्किन्स आघाताच्या क्षणी प्लेटच्या आत काय घडतं, याचा माग काढत होते.

तो क्षण जरा लांबवून पाहू. चिलखतभेदी गोळी: वजन १०.८ ग्रॅम, वेग सेकंदाला ८७८ मीटर, आत कडक पोलादाचा गाभा. सेकंदाच्या दशलक्षाव्या भागात ती एक मिलिमीटरही सरकत नाही. असे मोजके क्षणांश पुरतात. गाभ्याचं टोक चेपतं, तुटतं, झिजतं. कारण समोरचा पदार्थ त्याहून टणक, आणि दाब सोसण्यात सिरॅमिक पक्कं. पण दाबाची लहर मागच्या बाजूवरून परतते ती ताण होऊन, आणि ताण त्याला मुळीच सोसत नाही. तडे जातात. ते मागे रुंदावत जाणाऱ्या शंकूच्या आकारात जातात, म्हणून टोकाएवढ्या जागेवरचा मारा मागच्या थरावर पसरतो. तिथे ॲरामिड किंवा पॉलिएथिलीनचे चिवट तंतू असतात. टणक थर गोळी मोडतो, चिवट थर तिचे तुकडे धरतो. दोघांपैकी एकट्याने भागत नाही.

मग जितकं टणक तितकं उत्तम? बोरॉन कार्बाइड या तीन सिरॅमिकांत सर्वांत टणक, तरी फार वेगवान माऱ्यापुढे अपेक्षेपेक्षा लवकर हार खातं. २००३ मध्ये चेन, मॅकॉली आणि हेमकर या संशोधकांनी त्याचे फुटलेले कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. स्फटिकांत अतिसूक्ष्म पट्टे दिसले. तिथली अणूंची रांग विस्कटून काचेसारखी झाली होती. प्रचंड दाबाखाली त्याची ताकदच ढासळत होती.

दुसरी अडचण पुढच्या गोळीची. पहिलीने तडकलेल्या जागी दुसरी बसली तर? छोट्या फरशा जोडल्या तर तडा सांध्यावर थांबतो, पण सांधा स्वतःच कच्चा दुवा ठरतो. म्हणून डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या कानपूरच्या प्रयोगशाळेने २०२४ मध्ये नवं बुलेटप्रूफ जॅकेट जाहीर केलं, तेव्हा कमी वजनाइतकाच सहा गोळ्या झेलण्याचा मुद्दाही ठळकपणे मांडला. शिवाय हातातून पडलेल्या प्लेटमधला तडा बाहेरून दिसेलच असं नाही. तो शोधायला क्ष-किरण लागतात.

तेव्हा नुसत्या ‘बुलेटप्रूफ’ या शिक्क्यावर विसंबू नका. कोणती गोळी, किती वेगाने, किती वेळा, आणि प्लेट शेवटची कधी तपासली, हे विचारा. उत्तर याच चार प्रश्नांत आहे.