आधी उपाशी ठेवायचं, मग अशक्त म्हणायचं

सकाळच्या परिसंवादात आपल्यातल्याच एका वक्त्यांनी सांगितलं, की सार्वजनिक शाळा नासल्या आहेत. त्या खासगी संस्थांच्या हवाली करा, खासगी शाळेच्या फीसाठी पालकांच्या हाती सरकारी व्हाउचर द्या, बाकीचं बाजार बघून घेईल. सभागृहात टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. का, ते सांगतो.

शिकागोच्या ज्या दक्षिण भागातून आपण गाडीच्या काचा वर करून जातो, तिथे ब्रॉन्झव्हिल आहे. तिथल्या रॉबर्ट टेलर होम्स या सरकारी वसाहतीत सोळा मजली २८ इमारती होत्या. २००७ पर्यंत सगळ्या पाडल्या. माणसं पांगली, शाळांचा पट घसरला. मग महापौरांनी नेमलेलं शिक्षण मंडळ म्हणतं, वर्ग ओस पडलेत! मे २०१३ मध्ये एका बैठकीत ५० शाळांना टाळं ठोकायचं ठरलं. त्यांतली बहुतेक मुलं काळी. आणि याच शहरात करदात्यांच्या पैशावर, पण खासगी कारभाराखाली, नव्या चार्टर शाळा उघडत होत्या. मुलं कमी म्हणून जुन्या शाळा बंद, आणि नव्या मात्र चालू. हा हिशेब सकाळच्या वक्त्यांनी मला समजावून द्यावा.

ब्रॉन्झव्हिलचंच डायेट हायस्कूल. संगीतशिक्षक कॅप्टन वॉल्टर डायेट यांच्या नावाचं. गायिका डायना वॉशिंग्टन त्यांच्याच तालमीतली. हे हायस्कूल टप्प्याटप्प्याने बंद करायचं २०१२ मध्ये ठरलं. एकेक विषय, एकेक शिक्षक गळत गेला. २०१५ च्या शेवटच्या तुकडीत १३ मुलं उरली. त्या ऑगस्टमध्ये आया, आज्या, शिक्षक असे बारा जण उपोषणाला बसले. ३४ दिवस! शाळा २०१६ मध्ये पुन्हा उघडली, चार्टर म्हणून नव्हे, सार्वजनिक म्हणूनच. लोकांनी स्वतः केलेला अभ्यासक्रमाचा आराखडा मात्र मंडळाने बाजूला सारला. तेव्हा जीत अर्धीच.

व्हाउचरला कुणी नवा विचार म्हणत असेल, तर त्याने व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीचा इतिहास वाचावा. १९५१ मध्ये सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने तिथल्या काळ्या मुलांच्या मोडक्या शाळेत संप घडवला. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, १९५४ मध्ये काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरल्या. काउंटीने काय करावं? १९५९ मध्ये सगळ्या सार्वजनिक शाळाच बंद केल्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी अकादमी निघाली, फीला सरकारी अनुदान मिळालं. काळ्या मुलांना पाच वर्षं सार्वजनिक शाळाच नव्हती.

आपण फुल्यांचं नाव घेतो. त्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती याच अमेरिकेतल्या, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांची तक्रार होती, की शेतकऱ्याच्या घामाचा कर वरच्यांच्या शिक्षणावर उधळला जातो. हार घालताना हे आठवतं का?

आपण तर घर घेतानाच स्कूल डिस्ट्रिक्ट बघतो. उपनगरात भरगच्च मालमत्ता कर, त्यावर पोसलेली उत्तम सार्वजनिक शाळा, तिथेच आपली पोरं. स्वतःच्या लेकरांना सरकारी शाळा हवी, आणि ब्रॉन्झव्हिलच्या लेकरांना बाजार! याला दुटप्पीपणा म्हणायला मी कचरत नाही.

१९९५ पासून शिकागोचं मंडळ महापौरच नेमत आले. लोकांनी भांडून निवडणूक मिळवली. २०२४ मध्ये पहिली झाली. जानेवारी २०२७ पासून सगळ्या २१ जागा लोकनियुक्त. शहरात राहणाऱ्यांनी मतदानाला जावं. आणि संध्याकाळी व्हाउचरच्या समर्थनाचा ठराव येणार असल्याचं कानावर आलंय. अध्यक्ष म्हणून तो मी पुकारणार नाही. ज्यांना मांडायचाच असेल, त्यांनी आधी अध्यक्ष बदलावा.