बर्लिनहून रायपूरकडे





परदेशी शिकायचे आणि ते शिक्षण आपल्या माणसांच्या कामी लावायचे, याचा सर्वात मोठा दाखला आपल्या नागपूरला ठाऊक आहे. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ मध्ये याच भूमीवर लाखोंना धम्मदीक्षा दिली. दीक्षाभूमीच्या गावात त्याबद्दल मी आणखी काय सांगावे! आज मला आठवण करून द्यायची आहे ती नागपुरात शिकलेल्या एका रंगकर्मीची. त्यांना आपण आपले मानायला विसरलो, याची मला खंत आहे. ते म्हणजे हबीब तन्वीर.

तन्वीर १९२३ साली रायपूरला जन्मले. तेव्हा रायपूर मध्य प्रांतात होते आणि राजधानी होती नागपूर. १९४४ मध्ये ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून बी.ए. झाले. पुढे मुंबईत ते ‘इप्टा’ या नाट्यसंघटनेत आले. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांच्या शाहिरीचा तो काळ. १९५५ मध्ये ते लंडनच्या ‘राडा’ या नाट्यशाळेत दाखल झाले, नंतर ब्रिस्टलला दिग्दर्शन शिकले. बर्लिनला पोचले तेव्हा जर्मन नाटककार ब्रेख्त नुकतेच वारले होते. तरीही तन्वीर तिथे काही महिने राहिले आणि ब्रेख्तच्या मंडळीची नाटके पाहत राहिले. त्या नाटकांत मध्येच गाणे येते, नट थेट प्रेक्षकांशी बोलतो, हसवता हसवता अन्यायावर बोट ठेवतो. युरोप ज्याला नवे नाटक म्हणत होता, त्यातले कितीतरी छत्तीसगढच्या ‘नाचा’ या लोकनाट्यात, आपल्या विदर्भातल्या खडी गंमतीत आणि दंडारीत आधीपासून नांदत होते.

१९५८ मध्ये परतल्यावर त्यांनी रायपूरला रात्रभर नाचा पाहिला आणि त्यातले सहा कलावंत दिल्लीला नेऊन ‘मिट्टी की गाडी’ हे नाटक उभे केले. पण त्यानंतरची पंधरा वर्षे मला जास्त मोलाची वाटतात. गावात बेधडक खेळणारे हे नट दिल्लीत अवघडून जात. तन्वीर त्यांच्याकडून हिंदी बोलवून घेत, लंडनमध्ये शिकल्याप्रमाणे प्रत्येक हालचाल आखून देत. चूक नटांची नाही, आपल्या पद्धतीची आहे, हे तन्वीरांना हळूहळू उमगले आणि त्यांनी ते मोकळेपणाने सांगितलेही. १९७३ च्या रायपूरच्या शिबिरात नाचाचे कलावंत आपल्या छत्तीसगढीत, आपल्या चालीने खेळले. त्याच वाटेवर पुढे १९७५ चे ‘चरणदास चोर’ आले. १९८२ मध्ये त्या नाटकाने एडिंबरा फ्रिंज महोत्सवात ‘फ्रिंज फर्स्ट’ पुरस्कार मिळवला. नट होते खेड्यातले, बोली घरची.

अस्पृश्यतेवर कोरडे ओढणारा ‘पोंगा पंडित’ हा नाचातला जुना खेळ. तन्वीरांच्या मंडळींनी तो मंचावर आणला, १९९० च्या दशकात त्याच्या प्रयोगांवर हल्ले झाले, तरी त्यांनी तो सोडला नाही. ही हिंमत राडाच्या प्रमाणपत्राने आली असे मी म्हणणार नाही. पण जगातले उत्तम नाटक डोळ्यांनी पाहून आलेल्या माणसाला गावचा खेळ कमी दर्जाचा आहे, हे कोणी पटवू शकत नव्हते.

म्हणूनच इथे बसलेल्या पालकांना माझी हात जोडून विनंती आहे. मुलगी परदेशात नाटक किंवा चित्रकला शिकायला निघाली की आपण पहिला प्रश्न नोकरीचा विचारतो. तिला थोडा वेळ द्या. तन्वीरांनाही आपली वाट सापडायला परतल्यानंतर पंधरा वर्षे लागली. आणि परदेशात कला शिकून परतलेल्या मुलांनो, पुण्या-मुंबईची गाडी पकडण्याआधी एक हिवाळा झाडीपट्टी रंगभूमीच्या वडशाला काढा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात, लोक तिकीट काढून मांडवात बसतात. तुम्ही शिकून आलेली प्रकाशयोजना आणि नेपथ्य तिथे हवे आहे, आणि तिथला प्रेक्षक तुम्हाला हवा आहे.

आज रात्री याच पटांगणात खडी गंमत आहे. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांनी ती आवर्जून पाहावी आणि खेळ संपल्यावर शाहिरांशी बोलावे. शाहिरांनी तसे कबूल केले आहे.