सलामी न मिळालेल्या जवानाची आठवण

आजचा विषय जड आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो. सैन्यात नोकरी करत असताना आत्महत्येने गेलेल्या जवानांबद्दल आज बोलायचंय. तुमच्या घरात असं काही घडलं असेल, किंवा सध्या तुमचंच मन ठिकाणावर नसेल, तर हा भाग एकट्याने ऐकू नका. आणि १४४१६ हा नंबर लिहून घ्या. 'टेली मानस' ही सरकारी हेल्पलाइन आहे. फुकट, चोवीस तास, आणि मराठीतही बोलता येतं.

आता आपल्या राज्यातली गोष्ट. नाशिकजवळचं देवळाली म्हणजे तोफखान्याचं मोठं केंद्र. तिथे २ मार्च २०१७ रोजी लान्स नायक रॉय मॅथ्यू मृतावस्थेत सापडला. वय ३३, मूळचा केरळमधल्या कोल्लम जिल्ह्यातला. काही दिवसांपूर्वी एका न्यूज वेबसाइटवर 'सहायक' पद्धतीवरचा व्हिडिओ आला होता. अधिकाऱ्याच्या मदतीला दिलेल्या जवानाकडून कुत्रा फिरवणं, मुलांना शाळेत पोचवणं अशी कामं करून घेतली जातात, असा त्यात आरोप होता. छुप्या कॅमेऱ्याने टिपलेल्यांत रॉय होता. चेहरे पुसट केले होते, तरीही तो बेपत्ता झाला, आणि मग ही बातमी आली.

पुढे काय झालं बघा. लष्कराने म्हटलं, नकळत चित्रित केल्यामुळे आणि वरिष्ठांना खाली बघायला लावल्याच्या अपराधी भावनेतून हे घडलं असावं. कुटुंबाने संशय घेतला, केरळात दुसरं शवविच्छेदन करवून घेतलं. व्हिडिओ करणाऱ्या महिला पत्रकारावर गुन्हा दाखल झाला, तो मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये रद्द केला. म्हणजे दोन वर्षं व्हिडिओवर वाद झाला, कायद्यावर वाद झाला. ज्याच्यावरून हे सगळं झालं तो माणूस कसा होता, हे मात्र त्याच्या घरच्यांखेरीज कुणी फारसं विचारलं नाही. मला बोलायचंय ते याच गोष्टीबद्दल.

दुसरं उदाहरण ऑक्टोबर २०२३ चं. एकाच महिन्यात दोन अग्निवीर गेले. बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचा अक्षय गवते सियाचीनमध्ये कर्तव्यावर गेला. त्याला गावात लष्करी इतमामात निरोप मिळाला. त्याच्या थोडे दिवस आधी पंजाबच्या मानसा जिल्ह्यातला, एकोणीस वर्षांचा अमृतपाल सिंग जम्मू-काश्मीरमध्ये पहाऱ्यावर असताना गेला. लष्कराने सांगितलं की ही इजा त्याने स्वतःच करून घेतली होती. त्याचं पार्थिव भाड्याच्या खासगी रुग्णवाहिकेतून घरी आलं. सोबत एक ज्युनियर कमिशन्ड अधिकारी आणि चार जवान होते. लष्करी सलामी नव्हती. गावकऱ्यांच्या आग्रहावरून स्थानिक पोलिसांनी मानवंदना दिली.

टीका झाली तेव्हा लष्कराने खुलासा केला: हा नियम अग्निवीरांपुरता नाही, १९६७ च्या आदेशापासून सगळ्यांना सारखाच आहे. स्वतः ओढवून घेतलेल्या मृत्यूला लष्करी अंत्यसंस्कार नाहीत. कुटुंबाला नियमाप्रमाणे आर्थिक मदत मात्र दिली जाते. त्याच खुलाशात एक आकडा होता. २००१ पासून दरवर्षी सरासरी १०० ते १४० जवान अशा प्रकारे जातात. वीस-बावीस वर्षांचा गुणाकार तुम्हीच करा.

नियम का आहे, हे समजू शकतं. लढाईत पडलेल्याचा मान वेगळा ठेवावा, असं सैन्याला वाटतं. त्यावर मतभेद असू शकतात. पण नियम फक्त बंदुकीच्या सलामीबद्दल बोलतो. त्या पोराने बर्फात, उन्हात, रात्रीच्या पहाऱ्यावर काढलेले दिवस त्याने पुसले जात नाहीत. ते पुसतो आपणच. 'कसा गेला?' असं कुजबुजत विचारतो, आणि उत्तर मिळालं की त्या घरासमोर त्याचं नाव काढणंच बंद करतो.

या कुजबुजीचा परिणाम जिवंत असलेल्यांवर होतो. सैन्यात तब्येतीची श्रेणी 'शेप' पद्धतीने ठरते आणि त्यातलं पहिलंच अक्षर, 'एस', मानसिक स्वास्थ्याचं आहे. श्रेणी खाली गेली तर बढतीचं काय, पोस्टिंगचं काय, बराकीत लोक काय म्हणतील, ही धास्ती जवानाच्या मनात असते. त्यात १९५० चा आर्मी ॲक्ट आत्महत्येच्या प्रयत्नाला आजही गुन्हा मानतो. नागरिकांसाठी मात्र २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरून त्याला शिक्षेपासून वाचवलं. मग जवान बोलेल कसा? तो फोनवर 'सगळं मजेत' एवढंच म्हणतो.

दारं अगदीच बंद आहेत असं नाही. १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आपल्या 'एएफएमसी'त, सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी टेली मानसचा खास कक्ष सुरू झाला. नंबर तोच, १४४१६. घरी आलेल्या जवानाच्या हातात हा नंबर द्या, आणि तो त्याच्या बायकोला, आईलाही द्या.

आपला रायगड फौजींचा जिल्हा आहे. महाड तालुक्यात तर एका गावाचं नावच फौजी आंबवडे. सुट्टीवर आलेला जवान पनवेल स्टेशनात ट्रंक घेऊन उतरताना आपण नेहमी बघतो. त्याला 'बॉर्डरवर काय चाललंय?' हे सगळेच विचारतात. 'झोप लागते का रे तुला?' हे कुणीतरी विचारायला हवं. जमिनीचा वाद, भावकीची भांडणं, कर्जाचे हप्ते, हे सगळं आपण त्याच्या फोनवर ओततो आणि तो हजारो किलोमीटरवर हतबल बसतो. अशा कामांसाठी अलिबागला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तिथे आधी जाऊन या, मग त्याला कळवा.

आणि ज्या घरातला पोरगा गेलाच आहे, त्या घरी जा. तो कसा गेला हे विचारू नका. शाळेत कोणत्या बाकावर बसायचा, कबड्डीत कसा खेळायचा, आईला काय म्हणून हाक मारायचा, हे विचारा. वर्षश्राद्धाला जा. गावातल्या माजी सैनिकांनी गणवेशावरची पदकं लावून त्या दिवशी दारात उभं राहायला कुठल्या आदेशाची गरज लागत नाही. 'शहीद' म्हणायचं की नाही, यावर भांडत बसू नका. तो शब्द सरकारी व्याख्येत नाही, हे संसदेतही सांगितलं गेलंय. त्याला त्याच्या नावाने हाक मारा, तेवढं पुरे.

सलामी द्यायची की नाही, हे नियम ठरवेल. आठवण ठेवायची की नाही, हे तुमच्या-माझ्या हातात आहे. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि आज एक फोन करा.